तुझी भिंतीकडची खुर्ची

प्रिय मित्रा,

फोन केला असता, पण फोनवर तू "हो, बघू" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून पत्र लिहायला बसलोय. लांबणार आहे, सवडीने वाच.

परवा गुरुवारी नेहमीसारखा कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसलो होतो. बिल घेऊन काउंटरवरचे काका स्वतः आले. वेटरला न पाठवता ते स्वतः आले की काहीतरी सांगायचं असतं, हे आपल्याला इतक्या वर्षांत कळलंय. वाकून हळू आवाजात म्हणाले, "तुमचे मित्र मागच्या आठवड्यात आले होते. दारापर्यंत. काचेतून आत बघितलं, थोडा वेळ थांबले आणि परत गेले." एवढं बोलून ते शेजारच्या टेबलाकडे वळले. मी सुटे पैसे हातात धरून तसाच बसलो. त्या दिवशी मी आतच होतो रे. पाठमोरा.

तुला दारू सोडून आठ महिने झाले. डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून फॅटी लिव्हर समजावून सांगितलं आणि तू त्या दिवसापासून थेंबालाही शिवला नाहीस. मला त्याचा फार अभिमान वाटतो. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. ते राहिलं बाजूला, आणि मी काय केलं ते आपल्या दोघांनाही आठवतंय. तू सोडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आलास, आणि तू यायच्या आधीच मी तुझा नेहमीचा पेग मागवून ठेवला होता. विचारलंसुद्धा नाही. वाटलं, एकाने काय होतंय. तू बसलास, ग्लासकडे बघितलंस, काही बोलला नाहीस. दीड तास आपण गप्पा मारल्या. बर्फ विरघळत गेला, सोनेरी रंग फिका होत गेला, ग्लासाच्या बाहेरून पाणी ओघळून टेबलावर गोल डाग पडला. तो तू कागदी रुमालाने दोनदा पुसलास, तोही माझ्या बाजूने, माझ्या फोनला पाणी लागू नये म्हणून. उठलास तेव्हा ग्लास भरलेलाच होता. त्यानंतर तू आला नाहीस.

चूक माझी होती. माफ कर. आणि माफी मागून झाल्यावर जे सांगायचं आहे ते हे: तू दारू सोडलीस, टेबल सोडायचं काहीच कारण नव्हतं.

परवा काका सांगून गेल्यावर मी जरा हिशेब केला. अडीच तास बसलो होतो. त्यात माझे दोन ग्लास झाले. ग्लास उचलून ओठाला लावला ते सगळे क्षण एकत्र केले तरी पाच मिनिटं भरणार नाहीत. मग उरलेला वेळ गेला कशात? शेंगदाण्याच्या वाटीत हात घालण्यात. शेजारच्या टेबलावरचे आजोबा कोडं सोडवत होते, त्यांना उभा शब्द सुचवण्यात. पावसाने दारात अडकलेल्या, ओळख ना पाळख अशा एका मुलीला कोणीतरी आत बोलावून खुर्ची दिली, ती तिच्या नव्या नोकरीबद्दल बोलत होती, ते ऐकण्यात. आणि बराच वेळ नुसतं बसण्यात. तुझ्याबरोबर मी वीस वर्षं हेच केलं. आपण त्याला "प्यायला बसणं" म्हणायचो, कारण दुसरा शब्द सापडला नव्हता.

रे ओल्डेनबर्ग नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये त्याला एक नाव दिलं: तिसरी जागा. पहिली जागा घर, दुसरी कामाची, आणि तिसरी अशी की जिथे कोणी यजमान नसतो आणि कोणी पाहुणा नसतो. गल्लीतला बार, कॅफे, न्हाव्याचं दुकान, हे सगळं त्याने त्यात धरलं. तिथे जायला आमंत्रण लागत नाही, निघायला कारण लागत नाही. बाहेरचा हुद्दा दाराशी राहतो. तिथला मुख्य उद्योग म्हणजे बोलणं. वाचलं तेव्हा मला आपलं टेबलच डोळ्यांपुढे आलं. तू म्हणशील, मग घरी ये ना बसायला. येईन की. पण घरी आलो की वहिनी हातातलं काम टाकून उठणार, मुलांना आतल्या खोलीत पाठवणार, आणि नऊ वाजले की मीच घड्याळाकडे बघणार. कोणाच्या घरी दोन तास गप्प बसता येत नाही. तिथे येतं. तुझे वडील गेले त्या महिन्यात तू रोज यायचास आणि एक अक्षर बोलायचा नाहीस, आठवतं? काकांनी महिनाभर तुला एकही प्रश्न विचारला नाही. पाणी आणून ठेवायचे आणि जाता जाता तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे.

माणसाला अशी जागा लागते, आणि ही गरज आजकालची नाही. इराकच्या दक्षिणेला लगाश नावाचं एक फार जुनं शहर मातीखाली आहे. तिथल्या उत्खननाची बातमी २०२३ मध्ये आली, ती मी कापून ठेवली आहे. जमिनीच्या जेमतेम दीड-दोन फूट खाली एक खाणावळ सापडली, साधारण इ.स.पू. २७०० च्या सुमाराची. मोकळं अंगण, बसायला बाकं, एक भट्टी, ओलाव्याने गार राहणारं मातीचं साधन, म्हणजे त्यांचा फ्रीजच, आणि डझनावारी वाडगे. काही वाडग्यांत माशांचे अवशेष तसेच. कोणीतरी जेवण अर्धं टाकून उठलं असेल आणि पुन्हा आलंच नसेल, असं मला ते वाचताना वाटलं. आणि खरं सांगतो, मला तुझी आठवण आली. बघ, त्यात भट्टी आहे, बाकं आहेत, वाडगे आहेत. साडेचार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सुद्धा पिण्याइतकंच बसण्याला आणि खाण्याला महत्त्व होतं.

राजांना मात्र या जागांची धास्ती असायची. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात, म्हणजे इ.स.पू. अठराव्या शतकात, मद्यालय चालवणाऱ्या बाईसाठी एक कलम आहे. तिच्याकडे कट करणारे जमले आणि तिने त्यांना पकडून राजवाड्यात नेलं नाही, तर तिला मृत्युदंड. कायदा क्रूरच, पण त्यातून एक गोष्ट कळते. चार माणसं एका टेबलाशी बसली की मोकळं बोलतात, हे राजालाही ठाऊक होतं.

इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या जुन्या रोमन शहरात तर असली सुमारे ऐंशी ठिकाणं सापडली आहेत. रस्त्यालगत दगडी ओटा, त्यात बसवलेले मोठे रांजण, आणि रांजणात शिजवलेलं अन्न. २०२० मध्ये त्यातलं एक पूर्ण मोकळं केलं. ओट्यावर बदकांची चित्रं अजून ताज्या रंगात आहेत आणि आतल्या भांड्यांत बदक, डुक्कर, बकरी, मासे, गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. इंग्रजीतला टॅव्हर्न हा शब्द लॅटिनमधल्या ताबेर्नावरून आला, त्याचा अर्थ नुसता दुकान किंवा खोपटं. जपानीतल्या इझाकाया या शब्दात 'बसून राहणं' आणि 'दारूचं दुकान' हे दोन्ही जोडलेले आहेत. मला त्यातलं 'बसून राहणं' फार आवडतं. जर्मनीत नेहमीच्या मंडळींसाठी टेबल राखून ठेवतात, त्याला श्टामटिश म्हणतात. पाटी लावलेली असते, दुसरं कोणी बसत नाही. आपल्या टेबलावर पाटी नाही, पण काका परवा एका जोडप्याला "तिथे नको, इकडे बसा" म्हणाले, ते मी ऐकलंय. तुझी भिंतीकडची खुर्ची अजून रिकामीच असते.

आता प्यायच्या बाजूचंही सरळ बोलतो, कारण तुझ्या रिपोर्टनंतर मीही वाचायला लागलो. ३३० मिलीची पाच टक्क्यांची एक बिअर म्हणजे अंदाजे १३ ग्रॅम अल्कोहोल. निरोगी यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निस्तरतं. कॉफी घ्या, गार पाण्याने तोंड धुवा, त्याचा वेग वाढत नाही. रिकाम्या पोटी प्यायलं की दारू जठरातून झटकन लहान आतड्यात उतरते आणि शोषली जाते ती मुख्यतः तिथेच. पोटात अन्न असलं की जठर आपलं खालचं दार लवकर उघडत नाही, म्हणून चढते सावकाश. काका आधी खायला आणून ठेवायचे आणि ग्लास मुद्दाम उशिरा आणायचे, ते आळसाने नव्हे, हे मला आता कळतंय. चखणा खारट असतो, त्याने तहान वाढते आणि दुसरा ग्लास लवकर मागवला जातो, हेही खरं आहे. म्हणून मी हल्ली आधी सूप मागवतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. ते वाचून मी दोनावर आलो, कधी एकावर. सोडेन की नाही ते आज सांगत नाही, खोटं वचन तुला देणार नाही.

यायचं ठरवलंस तर दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली दहा मिनिटं जड जातात, असं सोडलेल्या एका ओळखीच्या माणसाने मला सांगितलं. वेटर "काय आणू?" विचारतो तेव्हा सगळे तुझ्या तोंडाकडे बघतात, तेवढं एकदा उरकलं की पुढे कोणी बघत नाही. म्हणून मी काकांशी बोलून ठेवलंय. कोणी विचारणार नाही, तुझ्यासमोर लिंबू-सोडा येईल. त्यांनी तो मला करून दाखवला. उंच ग्लास, आधी लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा. एकदम ओतला तर मिठामुळे फसफसून वर येतो, म्हणून थांबत थांबत. त्यांच्या हाताला घाई नसते, माहीतच आहे तुला. बिनअल्कोहोलची बिअरही ठेवतात, पण तिच्या लेबलावर आधी नजर टाक. 'बिनअल्कोहोल' लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत ०.५ टक्क्यापर्यंत असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती नको. आणि बिल सारखं वाटायचं नाही. आठवड्यामागून आठवडे सोडा पिणाऱ्याने बाकीच्यांच्या पेगचे पैसे भरत राहायचे, हा मला पहिल्यापासून अन्याय वाटत आलाय. तू तुझ्यापुरतं दे.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यावरच सोडतो. आत आल्यावर त्या वासानेच मन ओढलं जात असेल, दारातून परत फिरलास ते त्यामुळे असेल, तर अजिबात येऊ नकोस. मी आग्रह करणार नाही, आणि दुसऱ्या कोणी केला तर त्याला आधी मला तोंड द्यावं लागेल. मग आपण टेबल हलवू. तुझ्या घराजवळच्या त्या चहाच्या टपरीचं बाकडंही चालेल, गुरुवार तोच आणि वेळ तीच. मला बसायला तू हवा आहेस, जागा नंतर बघता येईल. पण नुसत्या संकोचाने परत गेला असशील, आपण आता तिथले राहिलो नाही असं वाटलं असेल, तर मित्रा, तो समज काढून टाक. तिथे सगळे तुझं विचारतात. कोड्यातले आजोबाही. नद्यांची नावं अडली की ते अजून तुझ्या खुर्चीकडे बघतात.

इंग्लंडमधल्या एका गावाची गोष्ट सांगायची राहिली. कंब्रियातलं हेस्केट न्यूमार्केट. तिथल्या एकुलत्या एका पबचा मालक बदलायची वेळ आली तेव्हा शंभराहून जास्त लोकांनी पैसे घातले आणि २००३ मध्ये सहकारी तत्त्वावर तो स्वतःच विकत घेतला. त्यांतले सगळेच काही रोज पिणारे नसणार. संध्याकाळी दिवा लागलेला दिसावा, आत ओळखीचं कोणी असावं, एवढ्यासाठी माणसं पैसे घालतात. मी असतो तर घातले असते, आणि तूही घातले असतेस, आजही.

येत्या गुरुवारी साडेसातला मी असेन. या वेळी दाराकडे तोंड करून बसतो, म्हणजे काचेतून बघितलंस तर मी दिसेन. आत यायचं नसेल तर नुसता हात कर, मी बाहेर येतो. खाली कठड्यावर बसू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
समोरच्या खुर्चीतला