तू समोसे आणायला गेलास तेव्हा

बडोदे,
12 ऑक्टोबर 2025

प्रिय सुन्या,

गेल्या दिवाळीनंतर तुला ना फोन, ना पत्र. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. बाबांचं सुरू झालं होतं आणि ‘बाबा कसे आहेत’ हा प्रश्न मला कोणाकडूनच ऐकायचा नव्हता, तुझ्याकडून तर नाहीच. राग धर, पण पत्र पूर्ण वाच. बाकी तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर काठावर.

परवा जे घडलं ते दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी तीन तासांचा सिनेमा समजावून द्यावा लागेल. तुला नाही लागणार. म्हणजे थोडा लागेलच, कारण नेमका तोच भाग तू पाहिलेला नाहीस.

28 एप्रिल 2019, रविवार. ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ लागून तिसरा दिवस. कॅप्टन अमेरिकाच्या, आपल्या कॅपच्या, हातात थॉरचा तो हातोडा आला आणि तू खुर्चीवर उभा राहिलास, मागच्या काकांनी शर्ट ओढून तुला खाली बसवलं. पुढे त्या सोनेरी वर्तुळांतून एकेक जण परत यायला लागला तेव्हा मी रडत होतो आणि तू माझ्या मांडीवर गुद्दे मारत होतास. तसा सिनेमा मी पुन्हा पाहिला नाही रे. नंतरचे सगळे पाहिले, पण तसा नाही. मात्र त्या 181 मिनिटांतली काही मिनिटं तू गमावलीस. इंटरव्हलला रांग मोठी होती, म्हणून 1970 चा भाग सुरू झाल्यावर तू ‘आता जरा निवांत आहे’ म्हणत समोसे आणायला उठलास. आणलेस तेही गार.

तर ऐक. टोनी, म्हणजे आयर्न मॅन, आणि कॅप काळात मागे, 1970 सालात न्यू जर्सीच्या लष्करी तळावर जातात. तिथे टोनीला त्याचा बाप भेटतो, हॉवर्ड. तरणा, हातात फुलं आणि आंबवलेल्या कोबीचा डबा, कारण बायको गरोदर आहे. पोटात आहे तो टोनीच. नाव विचारल्यावर टोनी गडबडून भलतंच सांगतो. बाप ह्या अनोळखी माणसापाशी मन मोकळं करतो, आपण चांगला बाप होऊ का, याची धास्ती बोलून दाखवतो. टोनीला ठाऊक आहे की 1991 मध्ये हा माणूस मारला जाणार आहे आणि आपण त्याच्याशी कधी धड बोललो नव्हतो. तरी तो सांगत नाही. मिठी मारतो, आभार मानतो, देशासाठी केलंत त्याबद्दल म्हणून. झालं. एवढंच.

आता परवाचं. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले. सुन्या, माझे बाबा मला बघून उठून उभे राहिले. म्हणाले, “या साहेब. चर्चगेटहून आलात का?”

त्यांना मी इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी वाटलो. ते रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपात होते. डभोईची गाडी वेळेत सुटली का, म्हणून विचारलं. ती नॅरो गेज कधीच उखडली. मी म्हणालो, “सुटली.” त्यांनी नाव विचारलं, आणि काय झालं कोणास ठाऊक, मी तुझं आडनाव सांगितलं. मग ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, “साहेब, आज थोडं लवकर सोडाल का? मंडळींना दिवस गेलेत. लीलो चेवडो खावासा वाटतोय त्यांना, मांडवीवरून न्यायचाय.”

साल 1986 होतं. मी अजून जन्मलो नव्हतो.

मी अर्धा तास बसलो त्यांच्याजवळ. ते इतकं सलग बोलले, गेल्या वर्षभरात बोलले नसतील. उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून त्यांनी चाकाची गाडी करायला घेतली होती, हाताने हवेत दाखवत होते एवढी, एवढी. अंगठा दुसऱ्या तळव्यावर घासून पॉलिश कसं करायचं तेही दाखवलं. गाडी होईल म्हणाले, पण मूल उचलायची भीती वाटते, हात खरखरीत आहेत. ती गाडी माझ्या कपाटात आहे, सुन्या. एक चाक तूच मोडलंस दुसरीत. मला वाटत होतं, आत जाऊन ती आणावी आणि त्यांच्या हातात ठेवावी. नाही आणली. म्हणालो, “जमेल तुम्हाला.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

आयुष्यात त्यांनी माझा हात असा धरला नव्हता. तुला माहीत आहेत बाबा.

मी हवेत होतो, खरंच. आत येऊन आईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, “तू त्यांच्याबरोबर तिकडे जाऊन बसतोस. मग इथे मी एकटी उरते.”

रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. डॉक्टर सांगतात दुरुस्त करू नका, वाद घालू नका. आई दुरुस्त करते. “अहो, हा पक्या, आपला मुलगा.” मग बाबा घाबरतात, दाराकडे बघत राहतात. मला आईचा राग यायचा. पण तिच्या बाजूने बघ. त्यांच्या 1986 मध्ये त्यांची बायको आहे, चोवीस-पंचविशीची, तिला डोहाळे लागलेत, तिच्यासाठी जीव तुटतोय. आणि समोर जी बसलेली असते तिला ते ‘मावशी’ म्हणतात. अगदी आदराने म्हणतात.

त्याच तळावर, त्याच वेळी, कॅप पेगीच्या, त्याच्या जुन्या प्रेयसीच्या, ऑफिसात लपलेला असतो. ती पलीकडच्या खोलीत येते, मध्ये काच आणि पट्ट्यांचा पडदा. तो तिला बघतो. तिला पत्ता नाही. हे मला सहा वर्षं फक्त एक छान दृश्य वाटायचं. मी टोनीकडेच बघत होतो. काचेमागे आई उभी आहे, हे परवा रात्री तीन वाजता माझ्या लक्षात आलं.

सूरसागरच्या कठड्यावर आपण भांडलो होतो ते आठवतंय? पंधरा दिवस बोललो नव्हतो. मी म्हणत होतो, हल्कने नियम सरळ सांगितलाय: मागे गेलास की तो भूतकाळ तुझा भविष्यकाळ झाला, तिथे काहीही कर, तुझं घडलेलं बदलत नाही, फार तर नवी फांदी फुटते. म्हणून कॅप पेगीबरोबर राहिला तो दुसऱ्या फांदीवर, आणि म्हातारपणी इकडे परत आला. तू म्हणायचास, छे, तो इथेच होता, सगळी वर्षं, गप्प. दिग्दर्शक रुसो बंधू माझ्या बाजूचे आणि पटकथा लिहिणारे दोघं तुझ्या बाजूचे निघाले, तेव्हा आपण बरोबरी मान्य केली होती. आता मी हरलो असं लिहून देतो. तो इथेच असावा. सगळं माहीत असून शेजारी बसून राहणारं माणूस असतं, मी रोज बघतोय.

पण मग मी काय करू? बाबांचा साहेब होऊन बसलो तर ते सुखी असतात आणि आई पुसली जाते. आईची बाजू घेतली तर ते पोरके होतात. तू हसू नकोस, मी चक्क सिनेमा परत लावून बघितला, उत्तर मिळेल म्हणून. टोनीला एकच भेट होती, मला रोज संध्याकाळी जायचंय.

आणि काल हे झालं. आई न सांगता रिक्षाने मांडवीला गेली, तो गुडघा घेऊन, आणि लीलो चेवडो घेऊन आली. ताटलीत काढून बाबांसमोर ठेवला. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला नाही. खिशातून रुमाल काढला, सगळा त्यात ओतला, चार टोकं बांधली. आईने गंमत म्हणून हात पुढे केला तर म्हणाले, “नको मावशी, हा घरी न्यायचाय.”

मला वाटलं, आता आई कोसळणार. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “त्या दिवशी यांनी चेवडो आणलाच नव्हता. विसरले होते. मी दोन दिवस बोलले नाही.”

पुरचुंडी त्यांच्या उशाशी आहे. मुंग्या लागतील म्हणून मी उचलायला गेलो, आईने हात धरला. तिने उशाखाली हळदीची रेघ ओढलीय.

तुझ्या नव्या घराचं कळलं, छान झालं, वास्तुशांतीला आलो नाही त्याची भरपाई करीन. वहिनींना नमस्कार. चिंगीची दहावी ना यंदा? टोनी झालेला डाउनी आता डॉक्टर डूम होऊन येतोय, तो सिनेमा तुझ्याशिवाय बघणार नाही, आणि ह्या वेळी तुला मध्ये उठू देणार नाही.

दिवाळीत ये. बाबांना तू तुझं खरं आडनाव सांगशील तर पंचाईत होईल, ते आता माझं आहे. दुसरं एखादं ठरवून ये.

तुझा,
पक्या