काचपट्टीवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण कालवं वाढवणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझी एक पेटी दोघांनाही उचलत नव्हती. जाळीची भोकं बुजलेली, आतली कालवं जिवंत, पण शिंपल्यात मांस जेमतेम. बीजच, म्हणजे कालवांची पिल्लंच, वाईट निघाली असं मी धरून चाललो होतो. तुम्ही जाळीला चिकटलेली एक बुळबुळीत पिशवी बोटांनी दाबलीत आणि पाण्याची पिचकारी उडाली. “ही ॲसिडियन. हीसुद्धा पाणी गाळूनच जेवते,” म्हणालात. माझ्या कालवांच्या तोंडचं सूक्ष्म शेवाळ दारातच संपत होतं, आणि जाळी बुजल्यामुळे ताजं पाणीही आत येत नव्हतं.

आणि मी काय करत होतो? होडीतच पेट्या खरवडून, जोरात पाणी मारून सगळी घाण तिथेच समुद्रात सोडत होतो. वसाहत करून राहणाऱ्या ॲसिडियनचा तुटका तुकडाही पुन्हा चिकटून वाढू शकतो, झुडपासारखा वाढणारा हायड्रॉइड नावाचा जीव, त्याचं मूळ राहिलं की तो पुन्हा फुटतो, हे तुम्ही सांगितलंत. म्हणजे इतके दिवस मी माझ्याच हातानं त्यांची कलमं लावत होतो.

असे जीव चिकटू नयेत म्हणून होडीच्या तळाला लावतात तो विषारी रंग पेट्यांना फासायचा माझा बेतही तुम्हीच थांबवलात. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागराची हकिकत सांगितलीत. होड्यांच्या रंगातल्या टीबीटी या विषारी रसायनामुळे तिथल्या कालवांचे शिंपले जाड आणि वेडेवाकडे झाले, नवं बीज मिळेनासं झालं. फ्रान्सनं 1982 मध्ये त्या रंगावर निर्बंध घातले. जगभरातल्या जहाजांसाठी बंदीचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. बार्नेकलला, म्हणजे खडकांना नि होड्यांना चिकटणाऱ्या त्या कवचवाल्या जिवाला, मारणारं विष कालवाला सोडत नाही, एवढं मला तेव्हा पटलं.

पण खरे आभार आहेत ते काचपट्टीचे. पेटीशेजारी आठवडाभर टांगलेली ती पट्टी तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलीत. अर्ध्या मिलिमीटरचा बार्नेकलचा डिंभक, म्हणजे त्याचं पिल्लू, दोन स्पर्शिकांवर काचेवरून चालत होता. चार पावलं जायचा, थांबायचा, वळायचा, पुन्हा चाचपायचा. या अवस्थेत तो काही खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतो. जागा पसंत पडली की डोक्याकडून चिकटतो तो कायमचाच. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. तुम्ही घाई केली नाहीत, याचेही आभार.

आता दर आठवड्याला पट्टी काढतो. नवे ठिपके दिसले की पेट्या वर घेऊन वाळवतो. कालव शिंपला घट्ट मिटून तग धरतं, कोवळे बार्नेकल आणि मऊ ॲसिडियन सुकून जातात. हेच बार्नेकल मोठे झाले की तेही झडप मिटून बसतात, मग वाळवून फारसा उपयोग नाही. म्हणून वेळ गाठावी लागते. बीज धरायच्या शिंपल्यांच्या माळाही आता फार आधी सोडत नाही. कालवाचं बीजसुद्धा असंच जागा शोधत येतं, आणि त्याआधीच दुसऱ्यांनी जागा बळकावली तर ते बसणार कुठे?

खरवडलेली घाण आता किनाऱ्यावर आणतो. सगळी.

या आठवड्याच्या पट्टीवर एक पांढरी, जाळीदार नक्षीची चकती आली आहे. मला ओळखता आली नाही. वाळवून जपून ठेवली आहे, याल तेव्हा दाखवेन.

तुमचा,
एक कालवं वाढवणारा