बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

सांगली

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

"यात पैसे किती बुडतील?" असे बाबांनी परवा फोनवर विचारले. बाकी सगळे मैफल कधी आहे एवढेच विचारतात, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले.

मिरजेच्या तानपुऱ्यांच्या साथीने इथल्या तरुण गायकांचे ध्वनिमुद्रण करायचे, ते इंटरनेटवर प्रसिद्ध करायचे आणि मग सांगलीत एक छोटी मैफल ठेवायची, असा आमचा बेत आहे. आमची खरी जमेची बाजू मिरज हीच आहे. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, तिथले कारागीर आजही वाद्ये घडवतात आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही (वस्तू त्याच गावची खास असल्याची सरकारी नोंद) मिळाले. मात्र हे मानांकन वाद्याचे आहे, आमच्या गायकांचे नव्हे; तेव्हा जाहिरातीत ते मिरवताना जपूनच लिहावे लागेल.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा नाद गुंजत राहावा म्हणून तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून जुळवत होते. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तारेखाली सूत सरकवायचे, तार छेडून कान द्यायचा आणि मनासारखा नाद येईना म्हणून पुन्हा कानस हाती घ्यायची, असे बराच वेळ चालले होते. प्रसिद्धीसाठी याचेच छोटे व्हिडिओ करावेत, असे माझे मत आहे. संथ आलापाची सुरुवात मोबाइलवर कोणी थांबून ऐकत नाही, पण तार बोलू लागताना पाहायला लोक नक्की थांबतील.

आता धोक्यांविषयी. पावसाळी दमट हवेत तानपुरा सुरात टिकत नाही आणि २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर सांगलीकर विसरलेले नाहीत, म्हणून ध्वनिमुद्रण आणि मैफल दोन्ही डिसेंबर-जानेवारीतच होतील. आई, तू सुचवलेले नाट्यपद मात्र तूर्त बाजूला ठेवावे लागले. संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क राहतो आणि त्यांची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय ते घेणे योग्य नाही. रागावू नकोस, जुन्या पारंपरिक बंदिशी पुष्कळ आहेत.

सगळ्यात मोठा धोका उत्पन्नाचा आहे. मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याचे स्पॉटिफाय हे गाणी ऐकवणारे ॲप काहीच पैसे देत नाही, आणि आमची बहुतेक गाणी सुरुवातीला याच गटात असतील. म्हणून हिशेबात ती बाजू मी शून्य धरली आहे. गायक, तबलजी व ध्वनिमुद्रकाचे मानधन आधी बाजूला काढायचे, सभागृह तिकिटांची आगाऊ नोंदणी पाहूनच ठरवायचे आणि नोंदणी कमी झाली तर मैफल एखाद्या वाड्याच्या माजघरात करायची, असे ठरले आहे. त्यामुळे बुडालेच तर माझ्या बचतीतले तेवढेच बुडतील. बाबांच्या ठेवीला हात लागणार नाही.

येत्या रविवारी साताऱ्याला येताना हिशेबाची वही आणते. बाबांनी ती लाल पेन घेऊन तपासावी, विशेषतः प्रसिद्धीचा खर्च. तो मला अजून जास्त वाटतो.

आपली लेक