थेरपीच्या ताईंना अनावृत पत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "माझं नाव कुठं टाकू नका हं," असं तुम्ही हसत हसत पण ठामपणे बजावलं होतं. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या आजूबाजूला, चिमीसारखी लेकरं आणखी आहेत, आणि त्यांच्या आया अजून "बघू, होईल की" म्हणत बसल्यात. त्यांच्याही हाती हे पडू दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. चिमी आठव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत राहिली, कावीळ झाली, घरी आली. वर्ष उलटलं तरी बसवलं की टाके उसवलेल्या उशीसारखी एका बाजूला कलायची. हाक मारली तर बघायची, पण तोंडातून शब्द नाही. सासूबाई म्हणायच्या, आमच्या घराण्यात पोरं उशिराच चालतात. शेजारणी म्हणायच्या, नवस बोल. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं चिठ्ठी दिली आणि आम्ही तुमच्या दारात आलो. ही पथकं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असतात. 2013 पासून हा कार्यक्रम सुरू आहे आणि अंगणवाडीतल्या लेकरांची वर्षातून दोनदा तपासणी करायची असं त्यात ठरलंय, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तोवर मला वाटायचं, वजनकाटा घेऊन येतात आणि जातात.

तुम्ही चिमीला हातही न लावता पहिला प्रश्न विचारलात, "कानाची तपासणी झालीय का?" बोलत नाही म्हणून आम्ही जीभ बघत होतो, टाळू बघत होतो, मध चाटवत होतो. वेळेआधी जन्मलेल्या, पेटीत राहिलेल्या, कावीळ झालेल्या लेकरांच्या कानांना धोका असतो, म्हणून बेरा नावाची तपासणी आधी करून घ्या, डोळ्यांच्या पडद्याचीही करा, मग बोलण्याचं बघू, असं तुम्ही म्हणालात. कान चांगले निघाले. त्या दिवशी तुम्ही आमच्यापेक्षा जास्त खूश झालात, ते मी बघितलंय.

मग वयाचा हिशोब. दोन महिने आधी झालेल्या लेकराचं वय मोजताना ते दोन महिने वजा करायचे, दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत धडधाकट मुलंसुद्धा आठव्या महिन्यापासून ते जवळजवळ अठराव्या महिन्यापर्यंत कधीही एकटी चालू लागतात असं दिसलंय, हेही सांगितलंत. सासूबाईंचं घराणं त्यात अर्धंमुर्धं बसलं, त्यांना बरं वाटलं. पण लगेच पुढचं बोललात, "थांबायचं मात्र नाही. उशीर आहे तो आहेच, आणि मेंदू सगळ्यात भराभर घडतो तो याच वर्षांत." धीरही दिलात आणि घाईही लावलीत. दोन्ही एकाच दमात जमणारी माणसं कमी भेटतात.

तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी आम्हाला व्यायामाचा छापील कागद मिळाला होता. दिवसातून तीनदा, शांत खोलीत, चटईवर. आता आमच्या घरात शांत खोली कुठली? पुढच्या खोलीत माझं मशीन. टॉवेलच्या कडा शिवायचं काम मी घरी घेते, डझनावर मजुरी. मागच्या खोलीत चूल, मोरी, सासूबाई. शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता आणि येता-जाता मला टोचत होता.

तुम्ही घरी आलात तेव्हा तो वाचलात, काढलात, घडी करून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "हा राहू दे. तुमचा दिवस सांगा मला. उठल्यापासून." मी सांगत गेले. तुम्ही मध्ये मध्ये विचारत होता: तेव्हा चिमी कुठं असते? कोणाजवळ? काय बघते? आणि एकदा, अगदी सहज, "आणि तुम्ही कधी जेवता?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुम्ही तेही वहीत लिहिलंत.

ताई, माझे आभार खरं तर या वहीचे आहेत. तुम्ही आमच्या दिवसात एकही नवा तास घातला नाही. जे आम्ही करतच होतो त्यातच चिमीला जागा काढून दिलीत.

आंघोळीचंच घ्या. सासूबाई तिला पायांवर आडवी घेऊन न्हाऊ घालायच्या, ती दीड वर्षाची होईतो तशीच. तुम्ही त्यांना "हे चूक" असं म्हणाला नाहीत. म्हणालात, "आजी, आता तुमचे पाय दुखत असतील. हिला पाटावर बसवू या. पाठ भिंतीला, तळपाय फरशीला टेकलेले." पाय टेकले की धड स्थिर राहतं आणि धड स्थिर राहिलं की हात मोकळे होतात, हे तेव्हा कळलं. मग तांब्या वर धरायचा, "एक, दोन..." म्हणायचं आणि थांबायचं. ओतायचं नाही. मनात दहा मोजायचे. सासूबाईंना थांबणं जमेना. त्या दोनवरच भसकन ओतून मोकळ्या व्हायच्या, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा, न चिडता, त्यांचा हात धरायचात. मग एके सकाळी त्या थांबल्या असताना चिमीनं वर तांब्याकडं बघितलं, मग आजीकडं बघितलं आणि "ईं" केलं. सासूबाई मोरीतूनच ओरडल्या, "अगं ये की! पोरगी मागूलालीय बघ!"

भाकरीचंही तसंच. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, गोळा हातात दाबला की फुटतो. मला वाटलं, हे लेकराला काय द्यायचं. तुम्ही म्हणालात, फुटू दे, पुन्हा गोळा करायला दोन्ही हात लागतात. परातीशेजारी तिला बसवायची, चिमूटभर पीठ, चमचाभर पाणी. सासूबाई थापायला लागल्या की तीही थापते. आमच्या घरच्या भाकरीचा आवाज आता दोन ठिकाणांहून येतो.

शेंगांवरून मात्र तुम्ही कडक झाला होतात, ते बरं केलंत. सोलापुरात शेंगा फोडणं म्हणजे घराघरातला उद्योग. मी उत्साहानं सांगितलं की बोटांच्या चिमटीसाठी तिला शेंगा फोडायला बसवते. तुम्ही लगेच थांबवलंत. अख्खा शेंगदाणा इतक्या लहान लेकराच्या श्वासनळीत अडकू शकतो, चार-पाच वर्षांची होईपर्यंत अख्खे दाणे हाताशी नकोत. शेंगा मोठ्यांनी फोडायच्या, दाणे लगेच डब्यात, आणि टरफलं वेचून सुपात टाकायचं काम चिमीचं, तेही आपल्या डोळ्यांदेखत. चटणी कुटलेली, दह्यात कालवून. हे मी आता गल्लीत सगळ्यांना सांगते, ज्यांची लेकरं धडधाकट आहेत त्यांनासुद्धा.

पैशांचंही सांगते. थेरपीचा लोड, पाचर, स्टूल असलं काही विकत आणा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. आमच्याच दोन चादरी घट्ट गुंडाळून दोरीनं बांधल्यात आणि चिमीला त्यावर घोड्यासारखी बसवलीत. दोन्ही पाय दोन बाजूंना, समोर माझ्या टॉवेलांचा ढीग. मी मशीनवर, ती चादरीवर. मी शिवलेला नॅपकिन खाली टाकायचा, तिनं वाकून उचलून टोपलीत घालायचा. चमच्याच्या दांड्याला टॉवेलची चिंधी गुंडाळून जाड केलीत, तो चमचा अजून तिच्या ताटात आहे. गोल, चाकं लावलेला, आत बसायचा वॉकर मामानं हौसेनं आणला होता. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट धोका असतो, कॅनडानं तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली, असं सांगून तुम्ही तो माळ्यावर चढवायला लावलात. त्याऐवजी जुना लाकडी पांगुळगाडा शोधून काढलात आणि तो पुढं पळू नये म्हणून त्यावर वाळूची पिशवी ठेवलीत. मामा महिनाभर रुसले होते.

पण सगळ्यात मोठी गंमत पाण्याच्या दिवसाची. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि आलं की गल्लीत युद्ध सुरू होतं. घागरी, पिंपं, कॅन, मोटर. तेव्हा चिमी कॉटवर, हातात मोबाईल. मोबाईलबद्दल तुम्ही उपदेश केला नाहीत. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलंय, एवढं एकदा म्हणालात आणि विषय बदललात, "पाण्याच्या दिवशी हिला काय काम देता येईल?" मला हसू आलं. काम? हिला? पण दिलं. रिकाम्या पिंपाच्या कडेला धरून उभं राहायचं. झाकण बाबांच्या हातात द्यायचं. प्लास्टिकच्या मगमधून बादलीत पाणी ओतायचं, निम्मं अंगावर. भरलेल्या बादलीजवळ, पिंपाजवळ क्षणभरही तिला एकटं सोडायचं नाही, ही अट तुम्ही बाबांकडून वदवून घेतलीत. त्यामुळं पाण्याच्या दिवशी एक माणूस फक्त चिमीचं. हे ते स्वतःहून करतात. आधी "हे बायकांचं काम" म्हणणारा माणूस आता पाणी यायच्या आधीपासून तिच्याजवळ बसून असतो.

तिचा पहिला शब्दही पाण्याचाच. शेजारच्या तेलुगू काकू दुपारी तिला घेऊन बसतात, तेलुगूतच बोलतात. दोन भाषांनी पोर गोंधळेल, काकूंना सांगा मराठीत बोलायला, असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला होता. तुम्ही म्हणालात, अजिबात सांगू नका. दोन भाषा ऐकल्यानं बोलणं उशिरा येत नाही, ज्याला ज्या भाषेत माया करता येते त्यानं त्या भाषेत बोलावं. आणि चिमी पिंपाकडं बोट दाखवून "नीऽ" म्हणाली तेव्हा मी खट्टू झाले, की हे काही "पाणी" नव्हे. काकू मात्र नाचायला लागल्या. "नीळ्ळु" म्हणाली ना ती! तुम्ही वहीत शब्द मांडलात. दोन्ही भाषांतले शब्द मिळून एकच बेरीज, म्हणालात.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तिचंही लिहायला हवं. आवाजाला ती फार भ्यायची. कुकरची शिट्टी झाली तरी अंग कडक करायची. नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीला न्यायचं की नाही यावर घरात वाद. तुम्ही म्हणालात, न्या, पण लांब उभ्या राहा, मिरवणूक तिच्याकडं येऊ दे, तिला त्यात घालू नका, आणि ती वळली की परत या. आम्ही गर्दीपासून दूर, एका बंद दुकानाच्या पायरीवर थांबलो. सातही नंदीध्वज लांबून दिसले, बाराबंदी घातलेली माणसं दिसली, "हर्र बोला हर्र" कानावर आलं. तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. घरी आलो. रात्री अंथरुणात, अंधारात, माझ्या कानाशी "हल्ल".

सगळं छान छान झालं असंही नाही. केस धुताना अजून गल्ली जागी होते. दात घासणं म्हणजे कुस्ती. दोन शब्द जोडून बोलणं अजून नाही. भिंत धरून चालते, मोकळं चालताना चार पावलांत बसते. तुम्ही आठवड्याला एकच गोष्ट सांगायचात आणि ती जमली नाही तर वहीत खोडून दुसरी लिहायचात. जमली नाही याचा दोष कधी माझ्या माथी मारला नाहीत. ज्या आईला रोज कोणी ना कोणी "तू गरोदरपणी काय खाल्लंस" असं विचारत असतं, तिला याची किंमत फार असते, ताई.

आणि हो, माझं जेवणाचं. तुमच्या वहीतल्या त्या ओळीमुळं सासूबाईंनी एक दिवस मशीनचा पट्टाच काढून ठेवला आणि म्हणाल्या, आधी ताटावर बस. तेव्हापासून दुपारी आम्ही तिघी एकत्र जेवतो. चिमी समोर, पायाखाली पाट, हातात चिंधीचा चमचा. आम्हाला बघून ती घास घेते. पूर्वी मोबाईल दाखवून भरवायला लागायचं.

आता एक कबुली आणि एक विनंती. काकूंच्या नात्यातलं एक लेकरू आहे, दीड वर्षाचं, अजून बसत नाही. मी त्यांना अंगणवाडीत पाठवलं, आणि तुम्हाला न विचारता तुमचा नंबरही दिलाय. फोन आला तर माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको. त्यांचं घर आमच्याहून लहान आहे, पण शेवया करतात, म्हणजे तुम्हाला हाताशी भरपूर काम सापडेल.

या संक्रांतीला काठ्या बघायला आमच्याकडं या. बंद दुकानाची ती पायरी आम्ही धरून ठेवतो. मागच्या वेळी शेंगाचटणीचा डबा "नियमात बसत नाही" म्हणून परत केला होतात. या वेळी सासूबाई स्वतः कुटणार आहेत, त्यांना नियम सांगायचं धाडस तुम्हीच करा.

तुमची,
चिमीची आई
पूर्वभाग, सोलापूर