ते ‘फादर’ नव्हते, डीकन होते

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या एका वयोवृद्ध ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या निधनाचे वृत्त आले. चार ओळींची का होईना, जागा दिलीत, याबद्दल आभार. मात्र त्या चार ओळींत त्यांचा उल्लेख आधी ‘फादर’ आणि मग ‘धर्मगुरू’ असा झाला आणि लगेच पुढे ‘त्यांच्या पश्चात पत्नी, तीन विवाहित मुली, जावई व नातवंडे असा परिवार आहे’ असे छापून आले. फादर लग्न करीत नाहीत, हे गोव्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलो, तेव्हा दुकानाशी उभ्या असलेल्या दोघांनी मला हसत विचारले, “गुरुजी, हे कसले हो फादर?” ते हसणे मनाला लागले, म्हणून हे पत्र.

ते वास्कोतील एका लहान मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचे, म्हणजे चर्चच्या समुदायाचे, डीकन होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक, आणि मराठी बायबलातही तोच शब्द वापरला आहे. या पदाचा उगम बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मानतात. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार झाली, तेव्हा पंगतीची व्यवस्था पाहण्यासाठी सात माणसे निवडली गेली. म्हणजे काम वाढप्याचेच. त्या सातांतला पहिला स्तेफन, ज्याचे नाव आपल्या तिसवाडीतल्या सांत इस्तेव्ह बेटाला आहे. तिथली सात शिरांची भेंडी गोवाभर माहीत आहे, ते सात सेवक मात्र फारसे कोणाला माहीत नाहीत. सातांतला दुसरा फिलिप. त्याला चार मुली होत्या, असे पुढे त्याच पुस्तकात आले आहे. “त्याच्या चार, माझ्या तीन, एकीनं हरलो,” असे आमचे डीकनकाका म्हणत.

आपल्या वार्ताहराचा गोंधळ का झाला असावा, हे मी समजू शकतो. गोव्यात डीकन म्हटले की राशोलसारख्या सेमिनरीत शिकून थोड्याच दिवसांत पाद्री होणारा तरुण डोळ्यांपुढे येतो, कारण कॅथलिक रिवाजात पाद्री होण्याआधीची ती पायरी आहे. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेनंतर, 1967 साली पोप सहावे पॉल यांनी कायमस्वरूपी डीकनपदाचे नियम घालून दिले आणि त्यानुसार वयाची 35 वर्षे पूर्ण झालेल्या विवाहित पुरुषालाही, पत्नीची संमती असेल तर, ही दीक्षा घेता येते. मुंबईच्या महाधर्मप्रांतात असे संसारी डीकन आहेत. असा डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, प्रवचन करू शकतो. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकणे मात्र पाद्रीकडेच राहते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पद्धती निरनिराळ्या आहेत. काकांच्या मंडळीत उपदेश पाळकसाहेब करीत आणि हिशेब, गरजूंची विचारपूस, प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीची, मांडामांड हे डीकनकडे असे. बायबलातल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अशा सेवकाची पात्रता दिली आहे, तीत तो एका स्त्रीचा पती असावा आणि मुलाबाळांची व घरची व्यवस्था नीट ठेवणारा असावा, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा त्यांच्या पश्चात पत्नी आणि मुली आहेत, ही हसण्याजोगी विसंगती नव्हे. घर सांभाळणारा म्हणूनच ते त्या पदावर होते.

काका मूळचे मिरजेकडचे. कॅसलरॉकवरून खाली येणाऱ्या मीटरगेजच्या गाडीने ऐन तारुण्यात वास्कोला आले आणि निवृत्त होईपर्यंत बंदरावर फिटर होते. स्वभाव गोड होता असे मी म्हणणार नाही. रविवारच्या दानाची मोजणी ते एकट्याने कधी करीत नसत, दुसरा माणूस शेजारी हवाच. आणि एकदा अकरा रुपयांचा मेळ लागेना, तेव्हा मंडळीतल्या एका भल्या गृहस्थाला त्यांनी रात्री नऊ वाजता घरातून उठवून आणले होते. तो गृहस्थ पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हता. अकरा रुपये त्यांच्याच वहीच्या पुठ्ठ्यात सापडले, हेही त्यांनीच सर्वांपुढे सांगितले.

पत्नीचे डावे अंग पक्षाघाताने गेले, त्यानंतर नऊ वर्षे त्यांनी तिचे सगळे केले. तिची वेणी घालायला ते धाकट्या मुलीकडून शिकले. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, तपासणीला जाताना पणजीच्या शटल बसमध्ये मी दोन-तीनदा त्यांच्यासोबत होतो. झुआरीचा पूल ओलांडून आगशी आली की ते हात जोडत आणि म्हणत, “इथं आमच्या खात्यातला माणूस आहे.” आगशीचे चर्च सेंट लॉरेन्सचे, आणि लॉरेन्स हा रोमचा डीकन, इसवी सन 258 मध्ये मारला गेलेला. चर्चची संपत्ती हजर कर असा हुकूम झाला, तेव्हा त्याने गावातले गोरगरीब आणून उभे केले, अशी आख्यायिका आहे. कॅथलिकांच्या संताला एका प्रॉटेस्टंट माणसाने केलेला तो नमस्कार पाहून मागच्या बाकावरची एक बाई हसली होती, तिला त्यांनी ही सगळी गोष्ट बांबोळी येईपर्यंत ऐकवली.

प्रभुभोजनाचे अंगठ्याएवढे काचेचे पेले ते स्टीलच्या डब्यातून घरी आणीत. रविवारी संध्याकाळी व्हरांड्यात पाण्याची बादली घेऊन बसत, एकेक पेला धूत आणि खुर्चीवर बसलेल्या पत्नीच्या मांडीवर पसरलेल्या जुन्या पातळाच्या तुकड्यावर ठेवीत. ती उजव्या हाताने तो पुसून डब्यात लावी. चाळीस पेल्यांना पाऊण तास लागे. मी एकदा म्हटले, वहिनींना कशाला त्रास देता, मी पुसतो. तेव्हा ते म्हणाले, रोमकरांस पत्रात फिबी नावाच्या बाईलाही हाच शब्द लावला आहे, तिचं काम तुम्ही घेऊ नका.

माझी विनंती एवढीच की, ‘फादर’च्या जागी ‘मंडळीचे डीकन’ अशी दुरुस्ती आपण छापावी. वहिनींनी आपल्या अंकातले ते कात्रण कापून बायबलात ठेवले आहे, पण घरच्या वहीत अजून चिकटवलेले नाही. दुरुस्ती आली की दोन्ही एकदम चिकटवू, असे त्या म्हणाल्या.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, वास्को