उसाच्या ट्रॉलीला अर्थची वायर हवी

संपादक महोदय,

गाळप हंगाम तोंडावर आला की उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या सूचना निघतात. त्या हव्यातच. पण रिफ्लेक्टर मागच्या गाडीचा उजेड पडल्यावरच चमकतो. लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्याच्या पानांनी) किंवा चिखलाने झाकला गेला की तेवढाही नाही. टेंभुर्णी, मोहोळ, पंढरपूरच्या रस्त्यांवर रात्री पुढे जोडट्रॉली (एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या) आहे हे कळायला जळता लाल दिवाच लागतो. अनेक ट्रॉल्यांना तो बसवलेला असतो, पण लागत नाही. मग बल्ब बदलला जातो, आणि दोष असतो अर्थमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परतण्याच्या वाटेत.

ट्रॅक्टरकडून ट्रॉलीकडे फक्त प्लसच्या वायरी नेतात. परतीचा करंट हुक आणि पिनेच्या लोखंडातून येईल, असे धरून चालतात. त्या पिनेवर ग्रीस, गंज आणि माती असते. खड्ड्यात ट्रॉली उसळली की संपर्क तुटतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. इंडिकेटर लावल्यावर मागचे लाल दिवेही त्याच तालावर मिणमिणू लागले, तर अर्थ गेली समजा. सरळ वाट न मिळाल्याने करंट दुसऱ्या बल्बांच्या तारेतून परततो.

ट्रॉलीच्या वायरी ट्रॅक्टरला जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये तीन नंबरची पांढरी वायर अर्थसाठीच असते. (पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, तपकिरी आणि काळी साइड लाइटची.) ही पांढरी वायर बॅटरीच्या मायनसपासून मागच्या ट्रॉलीच्या शेवटच्या दिव्यापर्यंत न्यावी, आणि ती सगळ्यांत जाड असावी, कारण सर्व दिव्यांचा करंट तिच्यातूनच परततो.

जाडीवर पैसे वाचवू नयेत. दोन ट्रॉल्यांचे २१ वॅटचे चार ब्रेक बल्ब म्हणजे ८४ वॅट, १२ व्होल्टवर ७ अँपिअर. ट्रॅक्टरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत १५ मीटर धरा. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन अडीच व्होल्टच्या आसपास गळतात आणि शेवटच्या बल्बचा उजेड निम्म्याहून खाली येतो. प्लसला २.५ आणि अर्थला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. ट्रॅक्टरच्या ब्रेक स्विचवर हा भार टाकू नये, मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवावा: त्याच्या ३० नंबरच्या पिनेवर बॅटरीचा प्लस १५ अँपिअर फ्यूजमधून, ८७ वर ट्रॉलीची लाल वायर, ८६ वर ब्रेक स्विच, ८५ अर्थला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. लांब असेल तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही. एलईडी दिवे करंट कमी घेतात, पण अर्थ तुटली तर तेही विझतात.

तोडणीच्या मुक्कामी कोपीतला (ऊसतोड मजुरांच्या झोपडीतला) दिवा आणि मोबाइल ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर चालवले, तर पहाटे स्टार्टर फिरत नाही. त्यासाठी वेगळी बॅटरी ठेवावी आणि ती इंजिन चालू असतानाच जोडली जाईल अशा रिलेमार्फत चार्ज करावी. तिथे फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना लागतो, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. वायर बारीक असेल तर १४ व्होल्टचे तिथे १३ पोहोचतात आणि बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते.

कारखान्यांना विनंती एवढीच, की वाहतूक करार करताना आणि वजनकाट्यावरही दिवे तपासावेत. साइड, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लावून बघावे. एकेक दिवा लावला तर कच्ची अर्थही पास होते.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, सोलापूर