पुलगाव रोडवरचे दोघं भाऊ न विळेवाली मावशी, थँक्यू
हा हप्ता कसा गेला ते मलेच माहीत बावा, सोमवारी विहिरीवरची मोटर जळली, बुधवारी पुलगाव रोडवर गाडी पंक्चर, शुक्रवारी मोबाईल टाक्यात. गाडी ज्या दोघा भाऊंनी भर उन्हात दुकानापर्यंत ढकलत नेली त्यायचं नावही विचारायचं राह्यलं, लय लय आभार. शनिवार-रविवार सांदवाडी (घरामागची मोकळी जागा) साफ केली, गाजरगवत कमरेइतकं, फुलावर यायच्या आत उपटलं नाही तं बी पडून पुन्हा तेच. मी उघड्या हातानंच लागलो (हुशारी आमची), खाज सुटली, तं वावरात चाललेल्या एका मावशीनं थांबून माह्या हाताले पन्न्या बांधून देल्ल्या न पऱ्हाटीचं (कपाशीच्या काड्यायचं) कुंपणही बांधू लागली. मावशी, तुमचा विळा इथंच राह्यला, धार लावून ठेवला हाये.